एका एफचा ऑफ

मी मुळात भित्री. कुत्र्याला भिते, लिफ्टला भिते, आणि अनोळखी नंबरवरून आलेल्या फोनला तर अजूनही भिते. नवरा म्हणतो, अगं, कुठल्या तरी कंपनीची बाई असेल, उचल आणि नको म्हण. मी उचलते. पण उचलण्याआधी मनातल्या मनात जुळवाजुळव करते की पलीकडून इंग्रजी आलं तर पहिलं वाक्य काय बोलायचं. मी देऊळगाव राजाच्या एका शाळेत इंग्रजीच शिकवते, तरी ही गत. हसू नका. ही भीती मला कुठून लागली ते मला पक्कं ठाऊक आहे.

आमचं घर मलकापूरला, एका जिनिंगच्या मागच्या गल्लीत. दोन खोल्या, बाहेरून लोखंडी जिना आणि वर उघडी गच्ची. कापसाच्या दिवसांत जिनिंगमधून इतकी रुई उडायची की आईच्या केसांवर आणि दोरीवरच्या कपड्यांवर ती येऊन बसायची. माझे बाबा ट्रक चालवायचे. जिनिंगमधल्या रुईच्या गाठी भरायच्या आणि तमिळनाडूतल्या सूतगिरण्यांना नेऊन टाकायच्या, हे त्यांचं काम. आमच्या घरात तमिळनाडू असं कुणी म्हणत नसे. "बाबा खाली गेलेत," असंच म्हणायचो.

खाली गेलं की बाबांची बोलती बंद व्हायची. घरी आले की ते सगळं भरून काढायचे. "तिकडं मराठी चालत नाही, हिंदीबी चालत नाही," ते सांगायचे. "मले तं मुक्यावानी हात हालवा लागतेत. इंग्रजीचे चार शब्द असले ना, तं तिथं मानसाले मानूस समजतेत. तू शिक वं. मले नाही आली, तुले तं आली पाह्यजे."

येताना ते केळ्याचे वेफर्स आणायचे. ते तिकडच्या इंग्रजी वर्तमानपत्रात बांधलेले असायचे. वेफर्स ताटात काढले की बाबा तो तेलकट कागद मांडीवर पसरून, सुरकुत्या काढून, माझ्यापुढे धरायचे. "वाच बरं." मी वाचायचे. तेलाचा डाग आला तिथलं सोडून पुढचं वाचायचे. मला त्यातलं काही कळत नसे. उच्चार चुकला तर, या भीतीनं मी धडाधड वाचून मोकळी व्हायचे आणि बाबांना वाटायचं पोरीला काय स्पीड आहे! मग ते आईकडे बघायचे. "आयकून राह्यली ना?"

"आयकून राह्यली," आई म्हणायची. "मले तं चुलीवर पानी उकळून राह्यल्यावानी वाटते."

शाळेत इंग्रजीच्या सरांच्या हातात कडुनिंबाची शिमटी असायची. मारकुटे होते, पण शिकवायची त्यांना मनापासून हौस होती आणि पोरं पास व्हावीत म्हणून त्यांनी एक युक्ती काढलेली होती. मराठी शाळेत शिकलेल्या बऱ्याच जणांना ती ठाऊक असेल. वाक्यात एका एफचा ऑफ दिसला की शेपटीकडून वाचायला लागायचं आणि मध्ये चा, ची, चे जे बसेल ते लावायचं. कॅपिटल ऑफ इंडिया, म्हणजे इंडियाची कॅपिटल. लेग ऑफ द टेबल, म्हणजे टेबलाचा पाय. दोन एफचा ऑफ वेगळा, तो लाइट बंद करायचा. आम्ही वर्गभर ओरडायचो, "ऑफ म्हंजे चा ची चे!" आणि शेजारच्या वर्गातले मास्तर दार लावून घ्यायचे. मला या युक्तीनं कधी दगा दिला नव्हता. सगळी इंग्रजी अशी असती तर किती बरं, असं मला वाटायचं.

इज आणि वॉजच्या बाबतीत सर फार कडक होते. आहे ते इज, होतं ते वॉज. एकदा एका मुलीनं निबंधात लिहिलं, माय ग्रँडफादर इज अ फार्मर. तिचे आजोबा आदल्याच वर्षी वारले होते, सरांच्याच गल्लीत राहायचे म्हणून त्यांना माहीत होतं. सरांनी वही वर धरली. "जित्ता केला का वं त्याहिले?" वर्ग खदाखदा हसला. मी हसले नाही. इंग्रजीत एवढ्याशा शब्दानं माणूस मरतो आणि उठतो, हे मला भयंकर वाटलं होतं. त्या दिवसापासून इज लिहिताना माझा हात जरा थबकायचाच.

मी बारावीला होते तेव्हाची गोष्ट. हिवाळा होता, परीक्षा जवळ आली होती आणि अभ्यासाची सुट्टी लागली होती. बाबा खाली गेले होते. रोज संध्याकाळी त्यांचा फोन यायचा, तो आदल्या संध्याकाळी आला नाही. आईला त्याचं काही वाटलं नाही. "रेंज नसन," म्हणाली. सकाळी तिनं बाबांची गोधडी बाहेर काढली. ते येणार म्हटलं की एक दिवस आधी ती गोधडी उन्हात टाकायची, हा तिचा नेम. "हे वर नेऊन टाक," ती म्हणाली, आणि मी गोधडी खांद्यावर घेतली तेवढ्यात घरातला फोन वाजला.

फोन म्हणजे बटणांचा मोबाइल. घरात एकच आणि तो मीच उचलायचे, आई हात लावत नसे. नंबर अनोळखी होता. पलीकडे बाई होती. आधी भराभरा तमिळ बोलली. मग तिनं विचारलं, "इंग्लिश? इंग्लिश?"

"यस," मी म्हटलं.

"लॉरी ड्रायव्हर. युवर फादर?"

"यस."

मग ती सुटली. आमचे सर एक वाक्य बोलून थांबायचे, ही थांबेचना. मागं कुणी तरी ओरडत होतं, काही तरी लोखंडी खडखडत होतं. माझ्या हाती तुटक शब्द येत होते. हॉस्पिटल. सिस्टर. ॲक्सिडेंट. नाइट. लेग. ऑपरेशन. मी गोधडी घट्ट धरून ठेवली होती. शेवटी ती एकेक शब्द मोठ्यानं बोलली, आणि तेवढे मात्र मला स्वच्छ ऐकू आले. आउट. ऑफ. डेंजर. नाऊ. त्यानंतर आणखी काही तरी, त्यात बॉडी होतं आणि कम होतं. आणि फोन कटला.

हे सगळे शब्द मला येत होते. तेच तर वाईट झालं. एखादा जरी येत नसता तरी शंकेला जागा राहिली असती. आउट म्हणजे काय हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. जिनिंगच्या मोकळ्या जागेत दिवसभर क्रिकेट चालायचं आणि दिवसभर एकच आरडाओरडा, "आउट हाय बे, आउट हाय!" डेंजर आमच्या गच्चीसमोरच होतं, विजेच्या डीपीवर, लाल पाटीवर कवटी आणि दोन हाडं. आणि मध्ये एका एफचा ऑफ. सरांनी शिकवल्याप्रमाणे मी शेपटीकडून वाचलं. डेंजरचा आउट. नाऊ म्हणजे आता. आताच. आणि बॉडी न्यायला या.

एक क्षण मला वाटलं, ट्रकच्या मागच्या भागालाही बॉडीच म्हणतात. बाबा नेहमी म्हणायचे, बॉडीचं काम करायचं हाय, बॉडीले रंग द्यायचा हाय. ट्रकचीच बॉडी असेल. पण ट्रकची बॉडी न्यायला कोण कशाला बोलावेल?

"कोन व्हतं?" आईनं आतून विचारलं. ती तुरीची डाळ निवडत बसली होती.

"कंपनीवाली," मी म्हटलं. "गाणं लावता का म्हणून."

"मंग एवढा येळ काय आयकत व्हती तिचं?"

मी फोन आणि गोधडी घेऊन जिना चढले. पायरी दिसत नव्हती, कठड्याला धरून धरून गेले. आईला सांगायचं तर मराठीत सांगावं लागणार होतं. इंग्रजीत ती गोष्ट कुठल्या तरी दुसऱ्याच घरातली वाटत होती. मराठीत म्हटली असती तर ती आमची झाली असती. बाबा गेले. एवढे दोनच शब्द होते, आणि "बाबा खाली गेलेत" म्हणताना तेच तोंडात सहज यायचे. आता ते मनातसुद्धा म्हणवेनात.

गच्चीवर ऊन छान पडलं होतं. समोर डीपी, त्यावरची ती कवटी. लहानपणापासून मी तिच्याकडे बघायचं टाळायचे, त्या दिवशी ती माझ्याचकडे बघत होती. मी गोधडी पसरलीच नाही, छातीशी धरून कठड्याला टेकून बसले. तिला बाबांचा वास होता, डिझेलचा आणि तंबाखूचा. आलेला नंबर मी परत लावला. लागला नाही. तमिळमध्ये एक बाई गोड आवाजात काही तरी सांगत होती, रेकॉर्ड केलेलं. पुन्हा लावला, पुन्हा तीच. मी इतकी घाबरले होते की त्या रेकॉर्डलाही दोनदा हलो म्हटलं.

नंबर लागला तर विचारायचं काय? मी वाक्य जुळवायला लागले. इज माय फादर डेड? का डिड माय फादर डाय? का डाइड? डिड आल्यावर डाइड लावायचं नसतं, सरांनी शिमटीनं शिकवलं होतं. आज सांगताना मला हे वेड्यासारखं वाटतं, पण खरंच मी तिथं बसून व्याकरण तपासत होते. बाप मेला की नाही हे विचारताना वाक्य चुकू नये म्हणून घाबरत होते. आणि वाक्य बरोबर बसलं तरी त्यात तो डीचा शब्द होता. तो मी तोंडातून काढला तर, नसेल झालं तरी होईल, असं मला वाटत होतं. आमच्या घरात अशुभ बोललं की आई "थुंक" म्हणायची. इंग्रजीत बोललेलं अशुभ थुंकून जातं का, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

खालून आईची हाक आली. "पोरी! उद्या येतीनच ना तुहे बाबा? त्याहिच्या वाट्याची डाळ भिजू घालू का?"

बाबांना वरणफळं आवडायची. खालून आले की तिकडच्या भातानं कंटाळलेले असायचे, आणि आल्या आल्या त्यांना तीच लागायची.

"घालू का नको?" आई पुन्हा ओरडली. "सांग ना!"

आयुष्यात मला कुणी इतका अवघड प्रश्न विचारलेला नाही. हो म्हणावं तर मी तिला फसवत होते. नको म्हणावं तर तिथंच सगळं संपत होतं. मी पुन्हा फोन लावला, आणि या वेळी रिंग गेली.

"हलो," तीच बाई.

"सिस्टर," मी म्हटलं. "सिस्टर, माय फादर..."

"येस मा? टेल मा."

जुळवलेली सगळी वाक्यं पळून गेली. इज राहिला नाही, डिड राहिला नाही. फक्त सर आठवले, वही वर धरून उभे असलेले. जित्ता केला का वं त्याहिले.

"सिस्टर, माय फादर इज?" मी म्हटलं. "ऑर माय फादर वॉज?"

पलीकडे ती गप्प झाली. मागचा खडखडाट चालूच होता. मला वाटलं तिला समजलं नाही. मग मला वाटलं तिला समजलं, आणि म्हणूनच ती गप्प आहे. डोळे मिटून मी गोधडीत तोंड खुपसलं.

"इज, मा," ती म्हणाली. अगदी सावकाश. लहान मुलाला भरवताना बोलतात तशी. "युवर फादर इज. इज, मा. इज."

"आउट?" मी म्हटलं. "यू सेड आउट. यू सेड बॉडी."

"अय्यो, नो नो! डेंजर गॉन, मा. डेंजर फिनिश. फादर ओके. लेग ओन्ली. सम-बॉडी कम. अंकल, ब्रदर, सम-बॉडी. अंडरस्टँड?"

"अंडरस्टँड," मी म्हटलं, आणि मला रडू फुटलं. थँक्यू म्हणायचं राहून गेलं.

आई जिना चढून वर आली ती चिडूनच. "हाका मारून राह्यली मी, अन् तू..." मग तिनं माझं तोंड पाहिलं आणि तिथंच खाली बसली. मी तिला सगळं सांगितलं. ट्रक उलटला, पायाचं ऑपरेशन झालं, बाबा दवाखान्यात आहेत, कुणी तरी जायला पाहिजे. कुठल्या गावी ते मला नीट कळलं नव्हतं, ते नंतर मामानं तिकडच्या ट्रान्सपोर्टवाल्याकडून काढलं.

आईनं माझा दंड धरला. अजून आठवतं, तिच्या बोटांना डाळीची भुकटी लागलेली होती. "खरं सांग. जित्ता हाय ना?"

"हाव."

"नर्स काय म्हनली? तिच्याच बोलीत सांग. तू मले फसवून राह्यली असशील."

"इज म्हणाली."

"इज म्हंजे?"

"म्हणजे आहे."

"इज," आई म्हणाली. तिनं तो शब्द तोंडात घोळवून पाहिला. आयुष्यात पहिल्यांदा ती समजून उमजून इंग्रजी बोलत होती. मग तिनं माझ्या हातातली गोधडी घेतली, गच्चीवर पसरली, चारी कोपरे ओढून सरळ केले आणि तिच्यावरच बसून रडली. त्या दिवशी दुपारपर्यंत गल्लीत जो येईल त्याला ती सांगत होती, इज हाय म्हने. मामा रेल्वेनं निघाला तर त्यालाही स्टेशनवर बजावलं, "गेल्या गेल्या नर्सले इचार, इज का म्हनून. मंगच मले फोन कर." मामा बिचारा हो म्हणाला.

बाबा महिन्याभरानं आले, पायात सळई घालून. ट्रक सुटला तो सुटलाच. पण आल्याबरोबर त्यांनी पहिली गोष्ट कुणाची सांगितली असेल तर त्या नर्सची. ती रोज त्यांना म्हणायची, युवर डॉटर गुड इंग्लिश. तेवढं एक वाक्य बाबांनी जसंच्या तसं पाठ करून आणलं होतं, आणि कुबडी टेकत गल्लीभर ऐकवलं. ती गुड इंग्लिश काय होती ते मलाच माहीत.

पुढं मी इंग्रजी शिकले ती हट्टानं, आणि खरं सांगायचं तर भीतीनं. पुन्हा कधी चार मोठे शब्द कळून मधला बारका शब्द अडला, असं मला व्हायला नको होतं. नर्सच्या पहिल्या फोनमधल्या त्या वाक्यातच इज होता, ही इज आउट ऑफ डेंजर. खडखडाटात मला तो ऐकूच आला नव्हता. तो ऑफ चा-ची-चेचा नव्हता, तो बाहेर काढणारा होता. आता वर्गात मीही पोरांना चा-ची-चे शिकवते, सोपं पडतं. पण दुसऱ्या दिवशी फळ्यावर तेच वाक्य लिहिते आणि विचारते, हा माणूस मेला की वाचला? अजूनही निम्मा वर्ग त्याला मारतो.

लोक मला विचारतात, इंग्रजीचा उपयोग काय? नोकरी, मुलाखत, परदेश, असं काही मी सांगावं अशी त्यांची अपेक्षा असते. मला ती नर्सच आठवते. इंग्रजी तिची नव्हती, माझीही नव्हती. आम्ही दोघी त्या भाषेत सारख्याच अडाणी होतो. तिच्याही शाळेत कुणी तरी इज आणि वॉजसाठी मारलं असणार, त्याशिवाय माझा तो मोडका प्रश्न तिला कळला नसता. तिचं नाव विचारायचं मला सुचलं नाही, याची मला हळहळ वाटते.

आता बाबा थकलेत. पायाचं सोडा, छातीचंही निघालंय. फोन आई उचलते, तिला आता येतं. मी रोज शाळा सुटली की लावते, आणि आई हलो म्हणत नाही. ती म्हणते, "इज." मग माझ्या जिवात जीव येतो आणि आम्ही भाजीचं वगैरे बोलतो. एखाद्या दिवशी रिंग जास्त वाजली की स्टाफरूममध्ये मी त्या दिवसासारखीच मनात वाक्यं जुळवायला लागते.

मागच्या दिवाळीला घरी गेले तेव्हा आई भाजी निवडता निवडता म्हणाली, "काऊन वं, इज म्हंजे हाय. अन् नसलं, तं काय म्हन्ते इंग्रजीत?"

बाबा पलीकडे खाटेवर झोपले होते. मी त्यांच्याकडे पाहिलं, छाती खालीवर होत होती.

"त्याला शब्दच नाही," मी म्हटलं.